चेफालू एका दिवसात उरकू नका, निदान तीन रात्री राहा

सिसिलीला जाणारी आपली मंडळी सहसा पालेर्मोला हॉटेल घेतात आणि चेफालूला सकाळच्या ट्रेनने जाऊन संध्याकाळी परत येतात, आणि मग सांगतात की छान बीच आहे, एक चर्च आहे, पिझ्झा खाल्ला. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मीपण तेच केलं होतं, दुसऱ्यांदा आईबाबा पुण्याहून आले होते त्यांना घेऊन सप्टेंबरच्या शेवटी चार रात्री राहिले, आणि तेव्हा कळलं की ह्या गावाची खरी वेळ म्हणजे सकाळी दहाच्या आधीची आणि संध्याकाळी सहाच्या नंतरची, नेमकी तेव्हाच डे-ट्रिपवाली मंडळी ट्रेनमध्ये असतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, व्हिसापासून परतीच्या ट्रेनपर्यंत.

आधी गाव कसं आहे ते डोक्यात बसू दे, म्हणजे पुढचं प्लॅनिंग सोपं जातं. सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर, पालेर्मोच्या पूर्वेला साधारण 70 किलोमीटरवर समुद्रातच उभा असल्यासारखा 268 मीटर उंच चुनखडीचा एक प्रचंड कातळ आहे, त्याला नुसतं ला रोक्का म्हणतात, म्हणजे खडक. त्याच्या पश्चिमेला, पायथ्याशी, कातळ आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत जुनं गाव दाटीवाटीने बसलंय. गावाचं नावसुद्धा ह्या कातळावरूनच आलंय, ग्रीकमध्ये केफाले म्हणजे डोकं. गावाच्या पश्चिमेला लांबच लांब वाळूचा बीच, कातळाच्या पूर्वेला कालुरा नावाची खडकाळ खाडी, आणि पाठीमागे दक्षिणेला मादोनिए डोंगररांग. कातळ पूर्वेला आणि गाव पश्चिमेला, एवढं लक्षात ठेवा, कधी काय बघायचं ते ह्यावरूनच ठरतं.

कधी जायचं

मे-जून नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. आमच्या वेळी सप्टेंबरच्या शेवटीही पाणी मस्त कोमट होतं, बाबा रोज पोहले. जुलै-ऑगस्ट टाळा, विशेषतः 15 ऑगस्टच्या आसपास, तेव्हा फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि अख्खी इटली समुद्रावर येते, वाळूत टॉवेल टाकायलाही जागा मिळत नाही. ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सान साल्वातोरेचा उत्सव असतो तो तरी गाठा, 6 ऑगस्टला जुन्या बंदरात समुद्रावर आडवा बांधलेल्या, ग्रीस फासलेल्या लांब खांबावरून चालत जाऊन टोकाचा झेंडा काढायची स्पर्धा असते. आपल्याकडे मल्लखांब बघितलेल्याला तो खेळ लगेच भिडतो.

व्हिसा आणि पोहोचणं

भारतातून येत असाल तर शेंगेन व्हिसा लागतो. ट्रिपमध्ये जास्त रात्री इटलीत असतील तर इटलीकडेच अर्ज करायचा, दोन देशांत सारख्या रात्री असतील तर आधी जिथे उतरणार त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी 15 दिवस आधी तरी करावाच लागतो, पण उन्हाळी सीझनला अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाहीत म्हणून अडीच-तीन महिने हातात ठेवा. प्रवास विमा निदान 30,000 युरोच्या मेडिकल कव्हरचा हवा.

विमान रोम किंवा मिलानमार्गे पालेर्मोला. एअरपोर्टवरूनच ट्रेन आहे, पालेर्मो सेंत्राले स्टेशनला साधारण तासाभरात सोडते, तिथून मेस्सिनाच्या दिशेची ट्रेन पकडायची, चेफालू पाऊण ते एक तास. जाताना डावीकडच्या खिडकीशी बसा, समुद्र त्याच बाजूला आहे.

तिकिटाचं एक नीट ऐका. रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट घेतलंत तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. तिकीट खरं आहे, पैसे भरलेत, पण शिक्का नाही म्हणून आमच्या डब्यातल्या एका जोडप्याला दंड भरावा लागला, बिचारे तिकीट हातात धरून समजावत होते पण नियम म्हणजे नियम. ॲपवरून काढलंत तर ॲपमध्येच चेक-इन करायचं.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर ती फक्त डोंगरातल्या दिवसासाठी घ्या. जुन्या गावात गाड्यांना बंदी असलेला झेडटीएल भाग आहे, कॅमेरे लावलेत, चुकून शिरलात तर दंडाची पावती नंतर घरी येते. भारतीय लायसन्सबरोबर आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिटही जवळ हवं.

राहायचं कुठे

तरुण असाल, बॅग हलकी असेल तर जुन्या गावातच राहा, रात्री दगडी गल्लीत पावलांचे आवाज येतात आणि समुद्राची गाज खिडकीतून थेट आत येते. पण आईबाबा बरोबर असतील, गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंग करायच्या आधी "अशेन्सोरे" म्हणजे लिफ्ट आहे का हे लेखी विचारून घ्या, कारण जुनी घरं तीन-तीन मजल्यांची, जिने अरुंद आणि उभे. आम्ही स्टेशन आणि समुद्रकाठचा रस्ता ह्यांच्या मध्ये राहिलो, तिथून कॅथेड्रल चालत दहा-पंधरा मिनिटं, रस्ता सपाट. मुक्कामाचा स्थानिक कर वेगळा पडतो, माणशी आणि रात्रीप्रमाणे, तो बऱ्याच ठिकाणी रोख मागतात.

पहिली संध्याकाळ: काही "बघायचं" नाही

सामान टाका आणि बीचवरून गावाकडे चालत निघा. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं आणि थेट समुद्राला चिकटलेल्या त्या जुन्या घरांवर पडतं, भिंती आधी फिक्कट पिवळ्या, मग मधाच्या रंगाच्या होतात आणि मागचा कातळ गुलाबी. मग गावात शिरून पोर्ता पेस्कारा शोधा, जुन्या तटबंदीतली ही टोकदार कमानीची वेस थेट पाण्याकडे उघडते, सूर्यास्ताला कमानीतून समोर नुसता समुद्र दिसतो. तिथून उत्तरेला गावाच्या टोकाशी कापो मार्कियाफावाचा बुरुज आहे, समुद्राचा मोठ्ठा व्ह्यू आणि गर्दी जवळपास नाही. आई तिथे अर्धा तास काहीही न बोलता बसली होती.

जेवायला साडेसातच्या आधी जाऊ नका, किचनच सुरू झालेलं नसतं. आणि दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, पाणी, फळं वगैरे आधीच घेऊन ठेवा.

दुसरा दिवस, सकाळी: रोक्का

हे सकाळीच करायचं, आणि कारण मघाशी सांगितलं तेच. वर जायची वाट कातळाच्या पश्चिम अंगाने आहे, सूर्य कातळाच्या मागून उगवतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ ती वाट सावलीत असते. दुपारी तीच वाट तव्यासारखी तापते, वर झाड असं फारसं नाही. कोर्सो रुज्जेरो ह्या मुख्य रस्त्यावरून सालिता साराचेनी नावाची पायऱ्यांची गल्ली वर जाते, तिथे गेटवर थोडं तिकीट आहे. पावसानंतर किंवा वारा जास्त असला की गेट बंद ठेवतात, आम्ही गेलो त्या आदल्या रात्री धो-धो पाऊस झाला होता म्हणून पहिल्या सकाळी परत यावं लागलं, दुसऱ्या सकाळी जमलं. म्हणूनसुद्धा तीन रात्री म्हणतेय, हाताशी एक जास्तीची सकाळ लागते.

बूट चांगल्या पकडीचेच हवेत. चुनखडीचा दगड हजारो पायांनी घासून गुळगुळीत झालाय, चपला-सँडलवर उतरताना हमखास घसरायला होतं. माणशी एक लिटर पाणी खालूनच न्या.

अर्ध्या वाटेवर देवी डायनाचं मंदिर म्हणून ओळखली जाणारी वास्तू लागते, प्रचंड मोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेत, आणि तिच्या आत वास्तूहूनही जुनं पाण्याचं टाकं आहे, वर दगडी शिळा टाकून झाकलेलं. सह्याद्रीतल्या गडांवर फिरलेल्या माणसाला हे टाकं बघितल्याबरोबर सगळा कातळ कळतो. गडावर पाणी तर गड जिवंत. बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळात खालचं गाव सोडून लोक ह्याच कातळावर राहायला आले होते, वर टाकी, भट्ट्या, चर्चचे अवशेष, तटबंदी सगळं आहे. 858 मध्ये अरबांनी ते घेतलं, 1063 मध्ये उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी. बाबा मंदिरापर्यंतच आले आणि तिथेच बसून राहिले, ज्यांना गुडघे साथ देत नाहीत त्यांनी तिथपर्यंत तरी जरूर यावं, तेवढ्यावरूनही समुद्र मस्त दिसतो. वर किल्ल्याच्या अवशेषांपर्यंत आरामात चाललं तर एकूण तासभर. तटाच्या पश्चिम कडेवर उभं राहिलं की कॅथेड्रलचे दोन बुरुज, लाल कौलं आणि बीचचा अर्धगोल, सगळं थेट पायाखाली. कठडा सगळीकडे नाही, मुलांचा हात सोडू नका.

उतरल्यावर: कपडे धुवायची जागा

खाली आलात की घामाघूम झालेले असताना थेट व्हिया व्हित्तोरियो एमानुएलेवरच्या लावातोयो मेदिएव्हालेला जा, गावातली माझी सगळ्यात आवडती जागा ही. रस्त्यावरून गोलसर वळणाच्या दगडी पायऱ्या खाली उतरतात, उन्हातून एकदम थंडाव्यात, आणि खाली कमानींच्या छताखाली दगडी कुंडांची रांग. भिंतीतून 22 तोट्या, त्यातल्या 15 सिंहाच्या तोंडाच्या, आणि सतत पाणी पडतंय. चेफालीनो नावाची नदी कातळाखालून जमिनीतून येते, इथे बाहेर पडते, कुंडं भरते आणि समुद्राला मिळते. पायऱ्यांपाशी 1655 चा लेख कोरलाय, त्यात म्हटलंय की चेफालीनो चांदीहून शुद्ध आणि बर्फाहून थंड. कुंडाच्या कडेचे दगड बघा, कपडे घासायला तिरपे कापलेत आणि मधोमध बोट फिरवलं तर खोलगट झालेले कळतात, इतक्या पिढ्यांच्या बायकांनी तिथे कपडे चोळलेत. आईने पाण्यात हात घातला आणि तिला तिच्या माहेरच्या घाटाची आठवण आली, तिथे असाच एक धुण्याचा दगड होता. तिकीट नाही. लोक वरून फोटो काढून पुढे जातात, तुम्ही खाली उतरा.

कॅथेड्रल

आख्यायिका अशी की सिसिलीचा नॉर्मन राजा रोजर दुसरा वादळातून वाचून ह्या किनाऱ्याला लागला आणि त्याने नवस बोलला. बांधकाम 1131 मध्ये सुरू झालं. पश्चिमेकडचा दर्शनी भाग दुपारनंतर उजळतो, म्हणून बाहेरचे फोटो संध्याकाळी आणि आत सकाळी लवकर, ग्रुप यायच्या आधी. दोन बुरुज नीट बघितलेत तर वरची टोपणं सारखी नाहीत, एक चौकोनी बसकं, एक अष्टकोनी.

आत शिरल्यावर मधला भाग अगदी साधा आहे आणि म्हणूनच नजर सरळ टोकाच्या अर्धघुमटावर जाते, तिथे सोन्याच्या पार्श्वभूमीवर येशूचं भव्य मोझेइक, म्हणजे बारीक रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र, 1148 सालचं. डाव्या हातात उघडा ग्रंथ, एका पानावर ग्रीक, दुसऱ्या पानावर लॅटिन, "मी जगाचा प्रकाश आहे". बायझंटाईन कारागिरांचं काम, नॉर्मन राजाचं चर्च, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या एकमेकांत गुंफलेल्या कमानींत अरबी वळण. 2015 मध्ये पालेर्मो आणि मोनरेआलेबरोबर हे युनेस्कोच्या यादीत गेलं ते ह्याच मिश्रणासाठी. पुढे पुढे करत अगदी जवळ जाऊ नका, आधी मधल्या बाकावर पाच-दहा मिनिटं बसा, डोळे अंधाराला सरावले की सोनं हळूहळू उजळायला लागतं. कपाळावर केसांच्या दोन बटा सुटून आल्यात, बाराव्या शतकात इतकं माणसासारखं कुणी काढलं असेल असं वाटत नाही.

रोजरला इथेच पुरून घ्यायचं होतं, त्यासाठी त्याने लालसर पोर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्याही 1145 मध्ये इथे ठेवल्या, पण त्याला पुरलं पालेर्मोला आणि 1215 मध्ये त्याच्या नातवाने, फ्रेडरिक दुसऱ्याने, त्या पेट्याही तिकडे हलवल्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी पर्समध्ये ठेवली की काम होतं. शेजारच्या मठाच्या अंगणाचं तिकीट वेगळं आहे, तिथल्या एका खांबाच्या माथ्यावर नोहाची नौका कोरलीय ती शोधा.

तिथून दोन मिनिटांवर मांद्रालिस्का म्युझियम, छोटं आहे, तासाभरात होतं. आंतोनेल्लो दा मेस्सिनाचं हसऱ्या माणसाचं छोटंसं चित्र बघायला सगळे येतात आणि यावंच, पण ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं एक मातीचं भांडंही चुकवू नका, त्यावर टूना मासा कापणारा कोळी आणि समोर नाणं पुढे केलेलं गिऱ्हाईक रंगवलंय, दोघांच्या उभं राहण्यावरूनच कळतं की भावावरून घासाघीस चाललीय. ससून डॉकला सकाळी गेलेला माणूस ते चित्र पटकन ओळखतो.

खाणं, मुख्यतः शाकाहारींसाठी

सिसिलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त काही गोष्टी माहीत हव्यात. पानेल्ले मागवा, बेसन पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापायचं, वड्या कापून तळायच्या, म्हणजे आपली पाटवडीच तळलेली, पावात घालून देतात, लिंबू पिळून. कापोनाता म्हणजे वांगं, सेलरी, ऑलिव्ह आणि केपर यांची आंबटगोड भाजी, पास्ता आल्ला नॉर्मामध्ये वांगं, टोमॅटो आणि खारवलेलं रिकोटा चीज. पण स्फिंचोने नावाच्या जाड पिझ्झ्यात अँचोव्ही मासे असतात, वरून दिसतही नाहीत. भाताचे तळलेले गोळे म्हणजे आरांचीना, त्यातला "बुर्रो" म्हणजे लोणी असं वाचून घेऊ नका, आत बहुतेक वेळा हॅम असतं, पालकाचा विचारा. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चुगे" हे तीन शब्दप्रयोग पाठ करा, मांस नको, मासे नकोत, अँचोव्ही नको. कडक शाकाहारी असाल तर पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं हेही लक्षात असू द्या.

मासे-मटण खाणाऱ्यांनी सार्डिनचा पास्ता आणि गावचा स्वतःचा पास्ता आ तायानू, म्हणजे मटण आणि वांगं घालून मातीच्या भांड्यात केलेला, हे दोन्ही खाऊन बघा. सकाळी ग्रानिता म्हणजे बर्फाचा गोड चुरा, बदामाचा किंवा लिंबाचा, आणि त्याबरोबर ब्रियोश म्हणजे गोडसर मऊ पाव. बिलात "कोपेर्तो" दिसेल, तो बसायचा चार्ज असतो, फसवणूक नाही.

तिसरा दिवस: कालुरा नाहीतर डोंगर

पोहायला वाळूचा बीच सोपा, लहान मुलांना उत्तम, पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे. छत्री-खुर्चीवाल्या भागाला पैसे पडतात, "स्पियाज्जा लीबेरा" लिहिलंय तिथे फुकट. मासे बघायचे असतील तर कातळाला वळसा घालून पूर्वेला कालुराला जा, खडकाळ आहे, पायात पाण्यातले बूट आणि डोळ्यांना मास्क हवा, पाणी इतकं नितळ की पाच-सहा मीटर खालचा दगड दिसतो. इथे सूर्य सकाळी लवकर येतो आणि दुपारनंतर कातळाची सावली पडते, म्हणजे बीचच्या बरोब्बर उलटं. सकाळ कालुराला आणि संध्याकाळ बीचवर, असा दिवस जुळवा.

आणि एक पूर्ण दिवस मादोनिएला द्याच. हे 1989 पासून संरक्षित उद्यान आहे, सगळ्यात उंच शिखर पित्सो कार्बोनारा 1979 मीटर, सिसिलीत त्याच्याहून उंच फक्त एटना. बसने जायचं तर कास्तेलबुओनो निवडा, साधारण 20 किलोमीटर, पण बस कमी आहेत, रविवारी तर फारच कमी, परतीची वेळ आधी लिहून घ्या. 1316 मध्ये सुरू झालेला व्हेन्तिमिल्या घराण्याचा किल्ला बघा आणि मग मान्ना विकत घ्या. मान्ना म्हणजे तिथल्या एका जातीच्या ॲश झाडाचा चीक, जुलै ते सप्टेंबरमध्ये झाडाच्या सालीला छोट्या सुरीने चीर देतात, चीक ओघळतो आणि हवेत वाळून मेणबत्तीवर ओघळलेल्या मेणासारख्या पांढऱ्या कांड्या होतात. पाऊस आला की वाहून जातं सगळं. कास्तेलबुओनो आणि शेजारचं पोल्लिना, एवढ्याच भागात अजून हा धंदा टिकून आहे. तोंडात टाकला की विरघळतो, गोड पण साखरेसारखा टोचणारा नाही. एका वेळी जास्त खाऊ नका, पोट साफ करायचं ते जुनं औषधच आहे.

गाडी असेल तर वर पियानो बात्तालियाकडे जा, आणि चालायची तयारी असेल तर पियानो पोमोचे हॉलीचे वृक्ष गाठा. हॉली म्हणजे एरवी कुंपणाचं झुडूप, इथे पंधरा मीटरच्या आसपास वाढलंय आणि शेकडो वर्षं जुनं आहे, आत शिरलं की देवराईत आल्यासारखं वाटतं, मी नकळत आवाज खाली केला. ह्याच डोंगरात आबिएस नेब्रोदेन्सिस नावाच्या फरच्या झाडाची जगातली उरलेली साधारण 30 नैसर्गिक झाडं आहेत. ती दिसतील त्या वाटेवर पाट्यांच्या बाहेर पाय टाकू नका, खाली उगवलेलं रोपटं तुडवलं गेलं तर नुकसान मोठं आहे. वर थंडी असते, खाली समुद्रावर तीस डिग्री असलं तरी एक जाड जॅकेट गाडीत हवं.

निघायच्या सकाळी

ट्रेन अकराच्या आसपासची घ्या, लवकरची नको. आठ वाजता एकदा धुण्याच्या कुंडांवर जाऊन या, तेव्हा तिथे फक्त पाण्याचा आवाज असतो. मग स्टेशनवर तिकिटावर शिक्का मारायचा, आणि ह्या वेळी उजवीकडच्या खिडकीशी बसायचं.